बडोद्यात जुन्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८००ला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) लावतोय. १२ व्होल्ट कुठून घेऊ?

बॅटरीवरून फ्यूज आणि रिलेमार्फत (विजेवर चालणारा स्विच) घ्या, आणि रिले इग्निशनच्या तारेवर चालवा. फ्यूज सेन्सरच्या कंट्रोलरच्या माहितीपत्रकात असेल तोच, बहुधा ५ ते १० अँपिअर. रिले इग्निशनवर ठेवण्याचं कारण असं, की बॉशच्या एलएसयू ४.९ या नेहमीच्या वाइडबँड सेन्सरमधला हीटर त्याला सुमारे ७८० अंश सेल्सिअसवर ठेवतो. वीज नसताना इंजिन चाललं तर काजळी बसून सेन्सर मरतो. अर्थिंग गंजक्या बॉडीला नको, इंजिन ब्लॉकलाच द्या, नाहीतर गेजला जाणारं रीडिंग सरकतं. सेन्सरचा कनेक्टर कधीही कापू नका, कॅलिब्रेशनचा रेझिस्टर त्यातच असतो! सेन्सर आडव्यापेक्षा किमान १० अंश वर बसवा, म्हणजे पाणी साचत नाही. मात्र गाडीत सीएनजी किट असेल तर गेज लॅम्डावर (प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण आदर्श प्रमाणाच्या किती पट, तो आकडा) ठेवा, कारण आदर्श प्रमाण इंधनागणिक बदलतं: पेट्रोलचं १४.७, सीएनजीचं साधारण १७.२.