पावसाळ्यात घरच्या ओटीजीत (म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, छोटा विजेचा ओव्हन) मेथी, टोमॅटो, सफरचंद वाळवता येतात का?

येतात. पण बऱ्याच ओटीजींचं बटण १०० अंशांच्या खाली जात नाही, म्हणून दार लावून १०० वरच उरकायचं, असं ठरवलं असेल, तर ते मात्र करू नका. टोमॅटो वाळणार नाही, शिजेल. वाफ आतच कोंडते, वरचा थर कडक होतो आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. अशी फोड हाताला कोरडी लागते, पण बरणीत गेली की बुरशी धरते.

वाळवणाला उष्णतेइतकाच वारा लागतो. म्हणून दारात लाकडी उलथन्याचा दांडा अडकवून बोटभर फट ठेवा. बटण सगळ्यात कमी आकड्यावर, फक्त खालचा रॉड चालू, आत पंखा असेल तर तोही. ओव्हनचा साधा थर्मामीटर आत ठेवा, कारण बटणावरच्या आकड्याचा काही भरवसा नसतो. फळं-भाज्यांना ५५ ते ६० अंश पुरतात. त्यावर चढायला लागलं की फट वाढवा किंवा थोडा वेळ बंदच करा. फटीतून येणाऱ्या गरम हवेनं बटणं तापतात, मुलांना लांब ठेवा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये हे जमत नाही, दार उघडलं की तो बंद पडतो.

टोमॅटो मांसल, लांबट घ्या, गावठी नकोत. अर्धे करून बिया काढा, किंचित मीठ भुरभुरा आणि कापलेली बाजू वर ठेवून जाळीवर मांडा, ट्रेवर नाही. सहा ते दहा तास सहज जातात. चामड्यासारखे झाले, दाबल्यावर ओल आली नाही, की झाले. एक किलोचे जेमतेम ६०-७० ग्रॅम उरतात, तेव्हा विजेचा हिशेब आधी करा: १५०० वॉटचा रॉड निम्मा वेळ जरी पेटला तरी आठ तासांत सहा युनिट. दोन-चार टोमॅटोंसाठी ओव्हन लावणं मला तरी पटत नाही. लसणासकट तेलात घालून बाहेर ठेवायचा मोह आवरा, त्यात विषबाधेचा खरा धोका असतो.

सफरचंदाच्या पातळ चकत्या लिंबाच्या पाण्यातून काढा, म्हणजे काळ्या पडत नाहीत. गवार-फरसबी मात्र आधी दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून गार पाण्यात काढावी लागते, नाहीतर ठेवणीत रंग आणि चव जाते.

मेथीला तर ओव्हन शेवटी थोडाच. पानं खुडून, धुऊन, रात्रभर सुती कापडावर पंख्याखाली पसरा. सकाळी उरलेली ओल ओव्हनमध्ये ४० अंशांच्या आसपास काढा. मोठा आकडा लावलात तर पान तपकिरी होतं आणि तो कडवट-गोड वास घरभर पसरतो, बरणीत काही उरत नाही. कढीपत्त्याचंही तसंच.

पावसाळ्यात खरी गडबड नंतर होते. गार झालं की लगेच बरणीत भरा, परातीत पडून राहिलं तर तासाभरात सादळतं. पहिला आठवडा रोज बरणी हलवून बघा. काचेला आतून दव दिसलं किंवा फोडी एकमेकींना चिकटल्या, तर सगळं पुन्हा ओव्हनमध्ये.