पशुवैद्यक होण्याआधीचा प्रवास

परदेशात पशुवैद्यकशास्त्र शिकण्याविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत. पहिल्या प्रश्नात इतर अनेकांच्या शंका एकत्र आल्या असल्यामुळे त्याचे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : माझे शालेय शिक्षण पूर्ण होत आले आहे आणि पुढे परदेशात पशुवैद्यकशास्त्र शिकायचे, असे मी ठरवले आहे. ब्रिटन, हंगेरी आणि ऑस्ट्रेलिया या देशांचा विचार चालू आहे. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी सुमारे वर्षभराचा काळ मोकळा मिळेल. त्या काळात दक्षिण आफ्रिकेतील वन्यप्राणी प्रकल्प, थायलंडमधील हत्तींची केंद्रे अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून काम करत प्रवास करावा, अशी इच्छा आहे. प्रवेश मिळण्यासाठी या अनुभवाचा उपयोग होईल का?

उत्तर : सर्वप्रथम तारखा पाहा, कारण तुमच्या योजनेतील मुख्य अडचण तिथेच आहे. ब्रिटनमधील बहुतेक पशुवैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी यूकॅस या केंद्रीय व्यवस्थेकडे अर्ज करण्याची मुदत आदल्या वर्षाच्या १५ ऑक्टोबरला संपते आणि अभ्यासक्रम पुढच्या वर्षी साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतो. म्हणजे अर्ज भरल्यानंतर केलेला प्रवास त्या अर्जात लिहिता येत नाही. फार तर मुलाखतीत त्याचा उल्लेख करता येतो, आणि मुलाखती हिवाळ्यात होत असल्यामुळे त्या वेळी तुम्ही जंगलात, संपर्काबाहेर असून चालणार नाही. या व्यवस्थेत पशुवैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी जास्तीत जास्त चारच पर्याय देता येतात, तेव्हा ते विचारपूर्वक निवडावे लागतात. ऑस्ट्रेलियातील शैक्षणिक वर्ष फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सुरू होते, तर बुडापेस्टमधील इंग्रजी माध्यमाचा अकरा सत्रांचा अभ्यासक्रम सप्टेंबरमध्ये. तिन्ही देशांचा विचार करत असाल, तर एकच मोकळे वर्ष गृहीत धरू नका, कारण प्रत्येक देशासाठी ते वर्ष वेगळ्या महिन्यात सुरू होते आणि वेगळ्या महिन्यात संपते.

आता अनुभवाविषयी. निवड करणाऱ्यांना अर्जदाराने किती दुर्मीळ प्राणी पाहिले यापेक्षा त्याला या व्यवसायाचे रोजचे स्वरूप कितपत कळले आहे, हे जाणून घ्यायचे असते. बहुसंख्य पशुवैद्यकांचा दिवस कुत्र्या-मांजरांचे लसीकरण, गाईंची गाभण तपासणी, कासदाह, लंगडणारी जनावरे, कळपाच्या नोंदी आणि मांसतपासणी यांत जातो. प्राण्याला दया म्हणून मरण देण्याचा निर्णय मालकासमोर मांडणे, उपचाराचा खर्च परवडत नाही असे सांगणाऱ्या माणसाशी बोलणे, हेही त्यात येते. हे सारे पाहूनही ज्याचे मन बदलत नाही, त्याने पुढे जावे. म्हणून माझा सल्ला असा, की मोकळ्या काळातील मोठा वाटा दुग्धव्यवसायाच्या गोठ्यांत, मेंढपाळांकडे आणि एखाद्या साध्या प्राणी चिकित्सालयात घालवावा, आणि शक्य झाल्यास एकदा तरी कत्तलखान्यातील पशुवैद्यकाचे काम पाहावे. ही शेवटची सूचना अनेकांना नकोशी वाटते, परंतु मानवी अन्नाची सुरक्षितता आणि मरणाऱ्या जनावराला होणारा त्रास कमी करणे, ही दोन्ही कर्तव्ये तिथे एकाच ठिकाणी दिसतात.

मेंढ्यांच्या विणीचा हंगाम हा या दृष्टीने फार शिकवून जाणारा काळ आहे. ब्रिटनमध्ये तो मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल आणि न्यूझीलंडमध्ये साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर असा असतो. रात्रपाळीत अडलेली मेंढी, थंडीने गारठलेले कोकरू आणि आईने नाकारलेल्या कोकराला दुसऱ्या मेंढीकडे लावण्याची खटपट, यांतून धीर आणि निरीक्षण ही दोन्ही आपोआप अंगी येतात. (गर्भवती स्त्रियांनी मात्र विणाऱ्या मेंढ्यांपासून दूर राहावे, कारण मेंढ्यांमध्ये गर्भपात घडवणाऱ्या काही जंतूंचा माणसाच्या गर्भालाही धोका असतो.) ब्रिटनमधील विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाच्या सुरुवातीच्या टप्प्यात पशुपालनाचा असा प्रत्यक्ष अनुभव सुट्ट्यांमध्ये घ्यावाच लागतो, मूळ नियमानुसार तो १२ आठवड्यांचा असून त्यानंतर चिकित्सेचे २६ आठवडे असतात. ज्याने आधीच गोठा पाहिला आहे, त्याला हे आठवडे जड जात नाहीत.

मात्र इथे व्हिसाचा प्रश्न येतो आणि त्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाने शेतावर राहण्या-जेवण्याच्या मोबदल्यात काम करणे अनेक देशांत बेकायदा नोकरी समजले जाते, मग हातात पैसे पडोत वा न पडोत. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून आलेल्यास नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते. खासगी शेत त्यात बसत नाही. व्हिसाचा असा भंग नोंदला गेला, तर पुढे विद्यार्थी व्हिसाच्या वेळी तो आडवा येतो. म्हणून हातांनी करायचे काम मायदेशात, किंवा जिथे तरुणांसाठीचा कामासह सुट्टीचा व्हिसा तुम्हाला मिळू शकतो अशा देशात करावे, आणि बाकीचा प्रवास निखळ पाहण्यासाठी ठेवावा. ब्रिटनच्या व्हिसा अर्जात मागील दहा वर्षांतील परदेश प्रवासाची माहिती विचारली जाते, तेव्हा प्रत्येक देशात शिरल्याची आणि तिथून निघाल्याची तारीख पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. शेंगेन देशांत, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक काळ पर्यटक म्हणून राहता येत नाही, हेही फिरण्याचा बेत आखताना ध्यानात असू द्या.

वन्यप्राणी प्रकल्पांबद्दल मी सावधच राहीन. सिंहाचे छावे पाहुण्यांनी कुरवाळावेत, बाटलीने दूध पाजावे, अशी सोय जिथे असते, तिथे ते छावे बहुधा आईपासून मुद्दाम लवकर तोडलेले असतात. मोठे झाल्यावर त्यांना कुरवाळता येत नाही, मग त्यांचे काय होते, याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेत अनेकदा पैदाशीचे पिंजरे किंवा कुंपणातली शिकार असे निघाले आहे. पाठीवर बसवून फिरवणाऱ्या हत्तींनाही त्यासाठी लहानपणापासून धाकात ठेवलेले असते. तेव्हा जाण्यापूर्वी प्रकल्पाला स्पष्ट विचारा : तुमच्याकडे कायमस्वरूपी पशुवैद्यक आहे का, इथे प्रजनन होते का, बरे झालेले प्राणी कुठे जातात, पाहुणे प्राण्यांना हात लावतात का? प्राण्यांपासून पाहुण्यांना चार हात दूर ठेवणारे केंद्र सहसा भरवशाचे असते. काही जाहिराती तर शिक्षण नसलेल्या स्वयंसेवकालाही शस्त्रक्रियेत हात चालवू देण्याचे आमिष दाखवतात. पशुवैद्यकीय शस्त्रक्रिया कोणी करावी, हे बहुतेक देशांत कायद्याने ठरलेले आहे. ब्रिटनमध्ये त्यासाठी १९६६ चा कायदा आहे. परवाना नसताना एखाद्या कुत्रीची नसबंदी केल्याचे तुम्ही अर्जात अभिमानाने लिहिले, तर वाचणाऱ्याचे तुमच्याबद्दलचे मत त्याच ओळीला बिघडेल.

जे पाहाल त्याची वही ठेवा. तारीख, तास, ठिकाण, पशुवैद्यकाचे नाव व सही आणि त्या दिवशी न समजलेली एखादी गोष्ट, एवढे पुरे. अमेरिकेच्या केंद्रीय अर्ज व्यवस्थेत पशुवैद्यकाच्या देखरेखीखालचा अनुभव आणि प्राण्यांसोबतचा इतर अनुभव यांचे तास वेगवेगळे मागितले जातात. अर्ज तिथे करायचा नसला, तरी ही विभागणी सोयीची आहे.

युरोपात जाणारच असाल, तर पॅरिसजवळच्या आल्फोर येथील पशुवैद्यकीय विद्यालयातील फ्रागोनार संग्रहालय चुकवू नका. जाण्याआधी उघडण्याचे दिवस मात्र पाहून घ्या. शरीररचनातज्ज्ञ ओनोरे फ्रागोनार याने अठराव्या शतकात कातडी काढून जतन केलेली शरीरे, त्यांत घोड्यावरचा स्वार, तिथे अजून आहेत. हे विद्यालय १७६६ मधले. त्याआधी १७६१ मध्ये क्लोद बूर्जला याला लियाँ येथे पशुवैद्यकीय विद्यालय काढण्याची राजाज्ञा मिळाली होती आणि गुरांचे कळपच्या कळप संपवणारी बुळकांडी हे त्यामागचे एक मोठे कारण होते. तो रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा व्हायला २०११ साल उजाडले. मुलाखतीत सांगण्यासारखे तुम्हाला छाव्यांच्या छायाचित्रांपेक्षा इथे अधिक सापडेल.

प्रश्न : मुलीला परदेशात पशुवैद्यकीय पदवी घ्यायची आहे. ती पदवी जगभर चालते, असे एका सल्लागाराने आम्हाला सांगितले. हे खरे आहे काय?

उत्तर : नाही. जगभर आपोआप चालणारी पशुवैद्यकीय पदवी अस्तित्वात नाही, आणि तसे सांगणाऱ्या सल्लागाराकडे पुन्हा जाऊ नये. पदवी विद्यापीठ देते, परंतु व्यवसाय करण्याचा परवाना त्या त्या देशाची पशुवैद्यक परिषद देते. म्हणून मुलीने पुढे कुठे काम करायचे, याचा विचार विद्यापीठ निवडण्याच्या आधी करावा लागतो.

युरोपीय संघातील मान्य पदव्या २००५ च्या ३६ क्रमांकाच्या निर्देशानुसार संघाच्या इतर देशांत स्वीकारल्या जातात. त्यासाठी किमान पाच वर्षांचे पूर्णवेळ शिक्षण आवश्यक असते. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यामुळे आता या व्यवस्थेत नाही आणि तिथे रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्स या संस्थेकडे नोंदणी करावी लागते. अमेरिकेत व कॅनडात परवान्यासाठी नॅव्हली ही परीक्षा द्यावी लागते. अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनने अधिस्वीकृती (दर्जा तपासून मान्यता) दिलेली विद्यालये अमेरिकेबाहेरही आहेत : लंडनचे रॉयल व्हेटर्नरी कॉलेज, एडिंबरा, ग्लासगो, डब्लिन, उट्रेख्ट, न्यूझीलंडमधील मॅसी ही त्यांपैकी काही. अधिस्वीकृती नसलेल्या विद्यालयाच्या पदवीधराला अमेरिकेत आधी एक स्वतंत्र, खर्चिक आणि दीर्घ पात्रताप्रक्रिया पार करावी लागते. अधिस्वीकृती कायमची नसते. तिचे पुनर्मूल्यांकन होते, म्हणून तिची सद्यःस्थिती त्या संस्थेच्याच यादीत पाहावी. मुलगी मायदेशी परतण्याची थोडीही शक्यता असेल, तर तेथील परिषदेला संबंधित विद्यापीठाचे नाव कळवून लेखी उत्तर मागवा आणि ते उत्तर जपून ठेवा.

आणखी दोन गोष्टी. अमेरिकेत शाळेतून थेट या शाखेत प्रवेश सहसा मिळत नाही. आधी महाविद्यालयात ठरावीक विषय पूर्ण करावे लागतात आणि नंतर चार वर्षांची पदवी असते. मध्य युरोपातील इंग्रजी अभ्यासक्रमांबाबत, व्याख्याने इंग्रजीत असली तरी दवाखान्यात जनावर घेऊन येणारा मालक स्थानिक भाषेतच बोलतो, हे आधीच जाणून असावे. बुडापेस्टला जायचे असेल, तर कामापुरती हंगेरियन शिकण्याची तयारी हवी.

प्रश्न : अभ्यासक्रमापूर्वी चार-पाच देशांत गोठे आणि प्राणी केंद्रे पाहणार आहे. कोणत्या लसी घ्याव्यात आणि आणखी कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : लसींचा निर्णय प्रवासवैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांकडून, निघण्याच्या दोन महिने तरी आधी घ्यावा. रेबीजची प्रतिबंधक लस तुमच्यासाठी ऐच्छिक मानू नका, कारण लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून सात दिवसांच्या अंतराने दोन मात्रांची शिफारस केली आहे. काही देशांत अजून तीन मात्रा देतात. लस घेतलेली असली तरी प्राणी चावल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन पुढच्या मात्रा घ्याव्याच लागतात, परंतु मग इम्युनोग्लोब्युलिनची (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची) गरज राहत नाही, आणि दूरच्या प्रदेशांत तेच वेळेवर मिळत नाही. धनुर्वाताची लस अद्ययावत असावी. आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील काही देशांतून पुढे जाताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते आणि आता आयुष्यभर चालते.

तुम्ही स्वतः रोग वाहून नेऊ नये, ही काळजीही तितकीच महत्त्वाची आहे. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या खुरकूत पसरली तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. तिचा विषाणू बुटांच्या तळांवरून, कपड्यांवरून, मांस व दुग्धजन्य पदार्थांतून प्रवास करू शकतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उतरताना मागील ३० दिवसांत शेतावर किंवा पाळीव जनावरांच्या सान्निध्यात होतात का, असे विचारले जाते. त्याचे उत्तर खरेच द्यावे. बूट तपासून, गरज पडल्यास धुऊन परत मिळतात, खोटे उत्तर मात्र दंडापर्यंत आणि व्हिसा रद्द होण्यापर्यंत जाऊ शकते. धुता येतील असे रबरी बूट वापरावेत, एका देशातील गोठ्याचा चिखल दुसऱ्या देशात नेऊ नये, आणि शक्य तिथे बूट व अंगरखा यजमानांकडूनच घ्यावा. वराहपालन केंद्रे तर आधीचे दोन-तीन दिवस इतर डुकरांच्या संपर्कात न आलेल्यांनाच आत घेतात. सलग भेटींची आखणी करताना हे अंतर सोडा.

प्रश्न : जाण्यापूर्वी स्टेथोस्कोप, शस्त्रक्रियेची उपकरणे आणि शरीररचनेची पुस्तके विकत घ्यावीत का?

उत्तर : काहीही घेऊ नका. विद्यापीठ आपली यादी देते, पुस्तके ग्रंथालयात मिळतात आणि पहिल्या वर्षी शस्त्रक्रियेची उपकरणे पेटीतच राहतात. तो पैसा आणि वेळ वाहन चालवायला शिकण्यात घाला, कारण सुट्ट्यांतील अनुभवासाठी ज्या शेतांवर पाठवले जाते, ती बसच्या थांब्यापासून बहुधा लांब असतात आणि विणीची मेंढी पहाटे तीनला अडते. तुमच्या मायदेशाचा परवाना त्या देशात किती काळ चालतो, हेही आधीच विचारून घ्या.