द्राक्षतोडणी आणि पालकमेळावा

प्रश्न : मी कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो परिसरात एका सामुदायिक महाविद्यालयात विद्यार्थी-समुपदेशक आहे. आमची बरीच मुले मेक्सिकोतून आलेल्या शेतमजूर कुटुंबांतली असून घराण्यातून महाविद्यालयाची पायरी चढणारी ती पहिलीच आहेत. आम्ही पालकांना स्पॅनिशमधून पत्रे पाठवतो, ऑगस्टअखेरीस मेळावा घेतो. तरी पालक फिरकत नाहीत. सहकारी म्हणतात, त्यांना आस्थाच नाही. मला हे पटत नाही. काय करावे?
– एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : आपल्याला पटत नाही, ते योग्यच आहे. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा आपल्या भागात बेदाण्याच्या द्राक्षांच्या तोडणीचा हंगाम असतो आणि त्या दिवसांत एक खाडा म्हणजे बुडालेली मजुरी. मेळावा हंगामाआधीच्या एखाद्या रविवारी दुपारी, धाकट्या भावंडांनाही आणता येईल असा ठेवावा.

पत्रांची भाषा मात्र अधिक बारकाईने तपासावी लागेल. स्पॅनिशमध्ये 'कोलेहिओ' म्हणजे बहुतेक ठिकाणी शाळा आणि मेक्सिकोत 'बाचियेरातो' म्हणजे पदवी नव्हे, तर तिच्या आधीचा उच्च माध्यमिक टप्पा. त्यामुळे 'कॉलेज', 'बॅचलर' या इंग्रजी शब्दांशी ध्वनिसाम्य पाहून केलेले भाषांतर पालकांना भलतेच काही सांगून जाते. आर्थिक साहाय्याच्या पत्रात शिष्यवृत्ती आणि कर्ज एकाच यादीत येतात, तिथे 'बेका' (शिष्यवृत्ती) कोणती आणि 'प्रेस्तामो' (कर्ज) कोणते, हे वेगळे दाखवलेच पाहिजे. मेक्सिकोतील ओहाका राज्याकडून आलेल्या काही घरांत मिश्तेक ही तिथली मूळ भाषा बोलली जाते आणि स्पॅनिश ही त्यांचीही दुसरी भाषा असते. तिथे पत्रापेक्षा फोन बरा.

दुभाषा म्हणून विद्यार्थ्यालाच बसवणे टाळावे, कारण आपल्या गुणांविषयीचे किंवा घरच्या उत्पन्नाविषयीचे बोलणे कोणतेही मूल जसेच्या तसे पोहोचवणार नाही. फॅफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षणसाहाय्याच्या अर्जासाठी पालकांच्या उत्पन्नाची माहिती लागते आणि देशात राहण्याच्या कागदपत्रांची धास्ती असलेले पालक भरसभेत तोंड उघडत नाहीत. त्यांना स्वतंत्र वेळ द्यावी.

आणखी एक गाठ कायद्याची आहे. 1974 च्या फर्पा या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार मूल महाविद्यालयात दाखल होताच नोंदींवरील हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. कालपर्यंत शिक्षकांना भेटणाऱ्या आईला आज कार्यालयातून नकार मिळाला, तर तो तिला अपमानच वाटणार. विद्यार्थी लेखी संमती देऊ शकतो, हे दोघांनाही पहिल्याच भेटीत सांगावे.

आस्थेबद्दल म्हणाल, तर 'एदुकासिओन' या स्पॅनिश शब्दात शालेय शिक्षणाबरोबर वळण आणि मोठ्यांशी वागण्याची रीतही येते. आपला 'संस्कार' हा शब्द त्याच्या जवळचा. मुलीने आईला दवाखान्यात न्यावे, भावंडे सांभाळावीत, हा त्याचाच भाग असल्याने तिला घरापासून तोडू पाहणारा सल्ला टिकत नाही. त्यापेक्षा परीक्षांच्या तारखा घरच्यांपुढे ठेवून त्या आठवड्यांत कोणते काम कोण उचलेल, हे त्यांनाच ठरवू द्यावे.

जिचे मूल पदवीपर्यंत पोहोचले आहे, अशा एखाद्या आईला मेळाव्यात बोलायला बोलवावे, आणि तिला त्या वेळेचे मानधन द्यावे.