‘तुमची काही चूक नव्हती’ म्हणण्याआधी

“लढाईवरून येऊन इतकी वर्षं झाली, मग हे अजून स्वतःला शिक्षा का करून घेताहेत?” माजी सैनिकांच्या बायका, आया, कधी भाऊ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. पाठोपाठ दुसरा येतो: “तुमची काही चूक नव्हती म्हणून किती समजावलं, तरी पटतच नाही.” एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या घरातल्या माजी सैनिकांना पीटीएसडी, म्हणजे जिवावरच्या प्रसंगानंतर मनात भीती आणि दचकणं मागे ठेवणारा आघाताचा आजार, असल्याचं निदान आधीच झालं होतं. औषधांनी झोप लागू लागली होती, दचकणंही कमी झालं होतं. पण बायको म्हणाली, “मुलगी गळ्यात पडली की हात बाजूला धरून नुसते उभे राहतात. सत्कार ठेवला तर ऐन वेळी घरातून निघून गेले. आणि गाडी चालवताना एका बाजूचा आरसा कायम मिटून ठेवतात.”

पहिले काही दिवस ते फक्त रस्ते, गाड्या, हवामान यांवरच बोलले. मग एकदा सगळं बाहेर आलं. ताफ्यातली शेवटची गाडी त्यांच्याकडे होती. त्याआधी मदतीसाठी थांबलेल्या एका गाडीवर हल्ला झालेला, म्हणून हुकूम होता: काहीही झालं तरी थांबायचं नाही. रस्त्याच्या कडेला एक जखमी मुलगा पडला होता. त्याने हात वर केला. “आरशात तो हात बराच वेळ दिसत होता. मी वेग वाढवला. हुकूम होता हे सगळेच सांगतात. होताच. पण ॲक्सिलरेटरवर पाय माझा होता.”

योग्य-अयोग्याच्या आपल्याच जाणिवेला तडा गेल्याने मनाला होणाऱ्या अशा घावाला नैतिक जखम म्हणतात. व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांवर उपचार करताना मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी वरिष्ठांकडून झालेल्या विश्वासघातावर बोट ठेवलं होतं. पुढे इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांच्या काळात, २००९ मध्ये, मानसशास्त्रज्ञ ब्रेट लिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात स्वतःच्या हातून घडलेलं, रोखता न आलेलं आणि नुसतं पाहावं लागलेलंही धरलं. हल्लीच्या लढायांत आघाडी अशी नसते. शत्रू आणि सामान्य माणसं एकाच गल्लीत असतात आणि निर्णयाला काही क्षण मिळतात. पीटीएसडी आणि नैतिक जखम एकाच माणसाला असू शकतात, पण भीती ओसरली म्हणून अपराधीपणा ओसरत नाही. या घरात नेमकं तेच झालं होतं.

मग ‘चूक नव्हती’ हे का पटत नाही? मला वाटतं, त्या वाक्याने विषय बंद होतो. माणूस सांगायला तोंड उघडतो आणि आपण घाईघाईने त्याला निर्दोष ठरवतो. त्याच्या कानाला ते ‘पुढचं ऐकायचं नाही’ असंच लागतं. शिवाय, कुणाचीच चूक नसेल तर त्या मुलाच्या जिवाची किंमत काय, हाही प्रश्न उरतो. यांना सुटका नको होती. आपलं कृत्य कुणीतरी नीट तोलून पाहावं, एवढंच हवं होतं.

म्हणून आम्ही तोललं. कागदावर एक वर्तुळ काढलं आणि त्यांनी जबाबदारीचे वाटे केले: हुकूम देणारे, आधीचा हल्ला करणारे, ती लढाई सुरू करणारे, आणि ते स्वतः. सुरुवातीला अख्खं वर्तुळ त्यांच्याच नावावर होतं. मी विचारलं, “तो मुलगा खरंच जखमी आहे, सापळा नाही, हे तुम्हाला त्या क्षणी माहीत होतं?” बराच वेळ गेला. “नाही. नंतर कळलं.” नंतर कळलेल्या गोष्टीवरून ते तेव्हाच्या स्वतःला दोषी ठरवत होते. त्यांचा वाटा लहान झाला, पण तो पूर्ण पुसायला त्यांनी नकार दिला. मीही आग्रह धरला नाही.

लिट्झ यांच्याच उपचारपद्धतीत मनातल्या एखाद्या आदरणीय माणसाशी संवाद असतो. या माजी सैनिकांनी आपल्या प्रशिक्षणातले उस्ताद निवडले, त्यांना सगळं सांगितलं आणि त्यांच्या जागेवरून स्वतःच उत्तर दिलं. ते उत्तर कठोर होतं, पण त्यात तिरस्कार नव्हता. पुढे त्यांनी प्रथमोपचार शिकून घेतला, आता अपघातग्रस्तांच्या मदतीला जातात. याने हिशेब मिटत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

घरच्यांनी काय करावं? ऐकावं, मधेच निवाडा देऊ नये, आणि ‘देशासाठीच केलंत ना’ हे वाक्य आवरावं. मात्र ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं ऐकू आलं, माणूस वस्तू वाटून टाकू लागला किंवा दारू वाढली, तर वाट पाहू नका. मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारा, त्याला एकटं सोडू नका, शस्त्र हाताशी राहू देऊ नका आणि त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्या.

मुलीला सांगायचं का, असं बायकोने अलीकडे विचारलं. “सगळा तपशील नको,” मी म्हटलं, “पण बाबांना काहीच झालेलं नाही असं खोटंही नको. एकाला मदत करायची राहून गेली, त्याचं बाबांना फार वाईट वाटतं, त्यात तुझा काही दोष नाही, एवढं तिच्या वयाला पुरेल.” हे त्यांना स्वतःच्या तोंडून सांगायचं आहे. सध्या आमचं काम त्यावरच चालू आहे.