आमच्या चाळीला कसला आलाय इतिहास?

प्रश्न: आमची चाळ मुगभाटात, चार मजली, लाकडी जिने, आता रिडेव्हलपमेंटला जाणारे. मुलगा विचारतो आई ही कोणी बांधली, कधी बांधली, मालकालाही धड सांगता येत नाही, सगळे म्हणतात 'ब्रिटिशांच्या काळातली' आणि विषय संपला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी सांगतात की खाली पूर्वी खाणावळ होती, बस. अशा साध्या बिल्डिंगचा इतिहास सापडतो का, की तो राजाबाई टॉवरसारख्यांचाच असतो?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर: ताई, सापडतो, पण खोल्या रिकाम्या व्हायच्या आत शोधायला लागा. आणि साधी बिल्डिंग म्हणू नका हो. तुमच्या जवळच केशवजी नाईक चाळ, तिथला सार्वजनिक गणपती 1893 पासूनचा. परळच्या बीआयटी चाळीत तर बाबासाहेब 1912 ते 1934 राहिले, दोन खोल्यांत, आणि ती चाळ ज्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची तो ट्रस्टच 1896 च्या प्लेगमुळे 1898 मध्ये निघालेला. राजाबाई टॉवर मलाही आवडतो, पण शहर राहिलं ते या गॅलऱ्यांमध्ये.

आधी सेसची, म्हणजे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी घेतात त्या कराची, कॅटेगरी बघा. 'ए' असेल तर बांधकाम 1 सप्टेंबर 1940 च्या आधीचं, 'बी' म्हणजे तिथून 1950 अखेरपर्यंतचं, म्हणजे निदान एक टोक तरी हाताला लागतं. मग सीएस नंबर, म्हणजे जागेचा सर्व्हे नंबर, घेऊन प्रॉपर्टी कार्ड काढा, जागा कोणाकडून कोणाकडे गेली ते त्यात कळतं, फक्त ते जमिनीचं असतं, चाळ कधी उभी राहिली हे त्यावरनं ठरवू नका. खरा खजिना घरातच असतो, ट्रंकेतल्या भाडेपावत्या, रेशनकार्डं, खोलीच्या पत्त्यावर आलेली पोस्टकार्डं, लग्नपत्रिका, आजोबांच्या शाळेचा दाखला. सगळ्या बिऱ्हाडांकडची सगळ्यात जुनी पावती मागा, तारीख, भाडं आणि मालकाचं नाव उतरवून घ्या, मालक कधी बदलला ते तिथेच दिसेल, आणि फोटो काढताना पावतीची मागची बाजूही काढा कारण लोक तिथे काहीबाही लिहून ठेवायचे.

आणि ती खाणावळ! ती सोडूच नका. कोकणातनं, घाटावरनं कामाला आलेले एकटे पुरुष एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायचे, पाळीपाळीनं झोपायचे आणि जेवायला खाणावळीत, त्यांची मुंबई त्या ताटावर चालली, पण ताट वाढणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच कार्डावर नसतं. आजींकडे याच आठवड्यात जा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि घाई न करता विचारा की खाणावळ कोण चालवायचं, महिन्याचे किती घ्यायचे, चूल कुठे होती, भांडी कुठल्या मोरीत घासायचे. मुलाला बरोबर न्या, चूल जिथे होती म्हणतील तिथलं छत आणि भिंत त्यालाच बघू दे, काजळी अजून असेल तर तिचाही फोटो काढा.