साटा कनेक्टरचं, म्हणजे हार्ड डिस्कला केबल जोडायच्या जागेचं, प्लास्टिक तुटलंय, हार्ड डिस्क कधी दिसते, कधी गायब होते. नवीनच घ्यावी लागेल का?

नाही. तुटलंय ते प्लास्टिक, डिस्क नाही.

ठाम सांगतोय, कारण ताईच्या डेस्कटॉपचं हेच झालं होतं. दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी डेटा केबल तिरकी ओढली आणि डिस्कवरची एल आकाराची पट्टी केबलच्या तोंडात अडकून बाहेर आली. दुकानदाराने बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, डिस्क दिसत नाही एवढंच बघितलं, "हार्ड डिस्क गेली" म्हणाला आणि नव्या डिस्कचा भाव सांगितला. दाजी लगेच तयार! त्या डिस्कवर ताईच्या शिवणक्लासचा सगळा हिशेब आणि भाच्याचे बारशापासूनचे फोटो. मी मशीन घरी परत आणायला लावलं.

टॉर्च मारून पाहिलं तर सातही पिना जागेवर, सरळ. पट्टीचं काम पिनांना आधार द्यायचं आणि केबल उलटी बसू न द्यायचं, डेटा तिच्यातून जात नाही. तुटलेला तुकडा केबलमध्येच राहू दिला, मशीन बंद ठेवून केबल अगदी सरळ रेषेत पिनांवर सरकवली आणि ती हलू नये म्हणून टायने कॅबिनेटला बांधली. डिस्क दिसली. आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी केलं, मग बाकीचं. फेविक्विक मात्र लावू नका, पिनांवर पसरलं की संपलं.

दाजी आजही म्हणतात, "तुझं नशीब, डिस्क खराबच होती." नाही दाजी. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडून सी७ ही ओळ बघा, सीआरसी एररची, म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुकांची. केबल किंवा कनेक्टर नीट लागत नसला की हा आकडा वाढतो आणि वाढलेला पुन्हा उतरत नाही. केबल बांधल्यापासून ताईच्या डिस्कचा आकडा जागचा हललेला नाही. ०५ आणि सी५, म्हणजे डेटा साठवायचे खराब झालेले आणि संशयित कप्पे (सेक्टर), दोन्ही शून्य. खराब डिस्क अशी असते का?

तुम्हीही हेच बघा. डेटा काढून झाला की मदरबोर्डावरचा दुसरा पोर्ट वापरून बघा. सी७ वाढणं थांबलं तर प्रश्न मिटला. ०५ किंवा सी५ वाढत असतील तरच नवी डिस्क घ्या.

एक राहिलं. हे सगळं सात पिनांच्या डेटा बाजूचं. पंधरा पिनांची पॉवरची बाजू तुटली असेल तर असले प्रयोग अजिबात नको. तिथे ३.३, ५ आणि १२ व्होल्ट एकाच रांगेत असतात, केबल जरा सरकली तरी डिस्कचा बोर्ड जळू शकतो. तशाच मॉडेलचा दुसरा बोर्ड लावून सहसा भागत नाही, कारण त्या डिस्कची स्वतःची माहिती असलेली रॉम चिपही काढून नव्या बोर्डावर बसवावी लागते. त्यामुळे पॉवरची बाजू तुटली असेल तर लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या, सोल्डरिंगचा हात असलेल्या माणसाकडे जा आणि फक्त कनेक्टर बदलून मागा.