पार्किन्सन्समध्ये फिजिओथेरपी चालू असताना ऑक्युपेशनल थेरपी वेगळी लागते का?

लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे अंघोळ, कपडे, जेवण, लिहिणे अशी रोजची कामे आजाऱ्याला स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार. "अंघोळ, कपडे, जेवण सगळे आम्हीच करून देतो, मग थेरपिस्टचे काम काय?" असे तुम्ही प्रश्नासोबत विचारले आहे; हेच वाक्य माझी आत्या आमच्याकडे शब्दशः म्हणत असे, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

माझे वडील निवृत्त तलाठी. आजार वाढला तसे त्यांचे वळणदार अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत गेले, बटणे लागेनात आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय खिळल्यासारखे थांबू लागले. आत्या त्यांना घास भरवी आणि त्यालाच सेवा म्हणे. थेरपिस्ट आल्या त्या आधी बाबांचा सकाळचा सारा क्रम बसून पाहत राहिल्या. मग त्यांनी उंबऱ्याच्या अलीकडे ठळक रंगाच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या, कारण मेंदूतले डोपामिन हे रसायन कमी झाल्याने एरवी आपोआप होणारी हालचाल अडते, पण समोर रेघ दिसली की ती ओलांडायला पाय उचलता येतो. लिहिण्यासाठी दुरेघी वही आली, बटणांच्या जागी वेल्क्रो आले आणि अंघोळ लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या औषधाचा अंमल चांगला असण्याच्या वेळेवर गेली. बाबा पुन्हा आपल्या हाताने जेवू लागले, सावकाश आणि सांडत. आत्याला ते बघवेना. "माझ्या भावाचे हाल मांडलेत, हे कुठले परदेशी खूळ," असे तिने मला सुनावले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये या विषयाचे शिक्षण सुरू केले, त्यामुळे खूळ म्हणण्यात अर्थ नाही; आणि धडधाकट माणसाचा वेळ वाचावा म्हणून आजाऱ्याच्या हातचे काम काढून घेणे याला मी सेवा मानत नाही.

नेदरलँड्समधील १९१ रुग्णांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरी येऊन दहा आठवडे दिलेल्या थेरपीने दैनंदिन कामे अधिक चांगली जमत असल्याचे रुग्णांनी सांगितले. ब्रिटनमधील ७६२ रुग्णांच्या २०१६ च्या अभ्यासात मात्र मोजक्या भेटींत दिलेल्या फिजिओ व ऑक्युपेशनल थेरपीचा फायदा दिसला नाही, म्हणून एकदोन भेटींवर समाधान मानू नका. या थेरपीने आजार थांबत नाही आणि गिळताना ठसका लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे, हेही सांगायला हवे. थेरपिस्ट पहिल्यांदा घरी येतील तेव्हा तुमच्या घरी आजाऱ्याला घास भरवणारी व्यक्ती समोर हजर असेल, एवढे नक्की पाहा.